आवाज आपोआप का चढतो आणि उतरतो?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत: संगणकावर गाणी लावली की आवाज एका पातळीवर राहत नाही. तक्रार वरवर एकच दिसत असली, तरी पत्रे नीट वाचल्यावर तिच्यात चार-पाच निरनिराळे दोष दडलेले आढळतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण दोष शोधण्याची रीत त्यात आली आहे आणि पुढच्या उत्तरांत ती गृहीत धरली आहे.

प्रश्न: घरच्या संगणकावर काम करताना मी रोज गाणी ऐकतो. गेले दोन महिने गाण्याचा आवाज मध्येच खाली जातो, काही मिनिटे तसाच राहतो आणि मग आपोआप पूर्ववत होतो. आधी स्पीकर बदलले, मग वायर बदलली. फरक पडला नाही. आता विंडोज पुसून नव्याने टाकावी, असा सल्ला एका जाणकाराने दिला आहे. तो मानावा का?

उत्तर: इतक्यात मानू नये. विंडोज नव्याने टाकल्यावर ही तक्रार काही दिवस नाहीशी होईलही, पण आपली नेहमीची सॉफ्टवेअर परत बसवली की ती बहुधा परत येईल, कारण आपण सांगितलेली लक्षणे बिघाडाची कमी आणि आज्ञापालनाची अधिक वाटतात. संगणकाला कोणीतरी आवाज कमी करायला सांगत आहे आणि तो निमूटपणे ऐकत आहे. सांगणारा कोण, एवढेच शोधायचे आहे.

त्यासाठी प्रथम काहीही न बदलता केवळ निरीक्षण करावे. आवाज उतरला त्याच क्षणी पडद्याच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून व्हॉल्यूमची पट्टी पाहावी. तिच्यावरचा आकडा खरोखरच घसरलेला असेल, तर आवाज कमी करण्याची खूण कुठून तरी येत आहे, आणि ती बहुतेक वेळा कीबोर्डवरच्या अडकलेल्या कळीकडून, धूळ गेलेल्या फिरत्या चकतीकडून किंवा हेडफोनच्या वायरीवरच्या बटणाकडून येते. ही उपकरणे एकेक करून काढून ठेवली की अपराधी फार वेळ लपत नाही. आकडा मात्र जागच्या जागी असेल आणि तरीही आवाज खाली गेला असेल, तर बदल पट्टीच्या अलीकडे किंवा पलीकडे होत आहे, असे समजावे. अलीकडे म्हणजे गाणे वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा विंडोजच्या ध्वनिप्रक्रियेत. पलीकडे म्हणजे सॉकेट, वायर आणि स्पीकर यांत.

दुसरे निरीक्षण वेळेचे आहे. तेच गाणे त्याच ठिकाणापासून पुन्हा लावावे. आवाज त्याच शब्दाला, त्याच ठोक्याला उतरत असेल, तर कारण त्या गाण्यात किंवा गाण्यावर चाललेल्या प्रक्रियेत आहे. दर वेळी निराळ्या ठिकाणी उतरत असेल, तर कारण गाण्याबाहेर घडणाऱ्या एखाद्या घटनेत आहे. अशा वेळी एका कागदावर वेळ लिहावी आणि त्या क्षणी संगणकावर आणखी काय काय उघडे होते, तेही लिहावे. अशा तीन-चार नोंदी झाल्या की पुष्कळदा कागदच उत्तर सांगतो.

आपला आवाज काही मिनिटे खाली राहून मग परत येतो आणि स्पीकर व वायर बदलूनही फरक पडलेला नाही, यावरून माझा पहिला संशय विंडोजमधील एका जुन्या सोयीवर आहे. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. संगणकावरून बोलणे सुरू झाले, असे लक्षात आले की विंडोज बाकीचे सर्व आवाज ८० टक्क्यांनी कमी करते आणि बोलणे संपल्यावर ते पुन्हा वर आणते. हेतू चांगला आहे. पलीकडच्या माणसाचे बोलणे गाण्यात बुडू नये. अडचण अशी, की ‘बोलणे सुरू झाले’ हे विंडोज कोणाचे शब्द ऐकून ठरवत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरने संवादासाठी म्हणून ध्वनीचा प्रवाह उघडला, मग तो ऐकण्याचा असो की मायक्रोफोनचा, एवढे तिला पुरते. बैठक संपल्यावरही उघडा राहिलेला ब्राउझरचा टॅब, खेळातील आपसांत बोलण्याची सोय, मागे शांतपणे चालू असलेले कार्यालयीन संवादाचे सॉफ्टवेअर यांपैकी काहीही ती खूण देऊ शकते. मी स्वतः एकदा स्पीकरच्या वायरी उलटसुलट करण्यात आठवडा घालवला होता, आणि शेवटी कारण निघाले ते असाच एक विसरलेला टॅब.

ही सोय बंद करणे सोपे आहे. कंट्रोल पॅनलमधील ‘साउंड’ची जुनी खिडकी उघडावी, विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘साउंड’ असे जाऊन पानाच्या तळाशी असलेल्या ‘मोअर साउंड सेटिंग्ज’वर क्लिक केले की तीच खिडकी समोर येते. तिच्यातील ‘कम्युनिकेशन्स’ या शेवटच्या पानावर चार पर्याय दिसतील: बाकीचे आवाज पूर्ण बंद करणे, ८० टक्क्यांनी कमी करणे, ५० टक्क्यांनी कमी करणे आणि काहीही न करणे. शेवटचा पर्याय, म्हणजे ‘डू नथिंग’, निवडून ‘ओके’ म्हणावे. त्यानंतर दोन दिवस नेहमीप्रमाणे काम करून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, हा आग्रह मी मुद्दाम धरतो. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि तक्रार गेली, तर कशाने गेली हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एवढ्याने भागले नाही, तर दुसरा संशय ध्वनी ‘सुधारणाऱ्या’ प्रक्रियांवर घ्यावा. ध्वनीच्या चिपबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अशा प्रक्रिया बहुधा असतात आणि पुष्कळदा त्या आधीपासूनच चालू असतात. त्यांतील ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ ही प्रक्रिया हळू आवाज वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते. बातम्या किंवा भाषण ऐकताना ती उपयोगी पडते. संगीतात मात्र ती घात करते. ढोलाचा एक जोरकस ठोका पडला की ती संपूर्ण आवाज दाबते आणि ठोका ओसरल्यावर हळूहळू वर सोडते, त्यामुळे गाणे धाप लागल्यासारखे वाटते. तिच्या सेटिंगमध्ये ‘रिलीज टाइम’ नावाची पट्टी असते. दाबलेला आवाज किती लवकर पुन्हा वर सोडायचा, ते ती ठरवते. ती पट्टी मागेपुढे केल्यावर आवाजाच्या हेलकाव्याचा वेग बदलला, तर निदान पक्के झाले. त्यानंतर ती प्रक्रिया सरळ बंद करावी. विंडोज ११ मध्ये स्पीकरच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’समोर ‘ऑफ’ निवडावे. जुन्या खिडकीत स्पीकरच्या गुणधर्मांमध्ये ‘एन्हान्समेंट्स’चे पान असल्यास तेथे सर्व बंद करण्याची चौकट असते. ध्वनीच्या चिपचे किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याचे वेगळे सॉफ्टवेअर बसवलेले असेल, तर तेही उघडून पाहावे, कारण एकीकडे बंद केलेली प्रक्रिया दुसरीकडे चालू राहिल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

दोष संगणकाचा की गाण्याचा, हे कळतच नसेल, तर एकसारख्या फुसफुसीची, म्हणजे ‘पिंक नॉइज’ची, दहा मिनिटांची फाइल लावून ठेवावी. तिच्यात चढउतार मुळातच नसतात. ती वरखाली झाली, तर गाणे निर्दोष ठरते. या कामासाठी एकाच सुराची शिटी मात्र वापरू नये. १००० हर्ट्‌झच्या सुराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते आणि भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींत मिसळत असल्यामुळे खोलीत काही सेंटिमीटर अंतरावर आवाज कमी-जास्त होतो. आपण खुर्चीत नुसती मान हलवली, तरी संगणकच बिघडला, असे वाटू लागेल.

प्रश्न: ब्लूटूथ हेडफोनवर गाणी उत्तम वाजतात, पण मायक्रोफोन वापरणारे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की आवाज बारीक, डबक्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बदलून घ्यावेत का?

उत्तर: बदलून उपयोग नाही; त्याच पद्धतीचे दुसरे हेडफोनही असेच वागतील. पारंपरिक ब्लूटूथमध्ये संगीत ऐकवण्याची आणि दुतर्फा बोलण्याची अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत आवाज स्टिरिओ आणि भरघोस असतो, पण तिच्यात मायक्रोफोनला जागा नसते. मायक्रोफोन मागितला गेला की जोडणी दुसऱ्या पद्धतीवर जाते; तेथे आवाज एकाच वाहिनीचा होतो आणि त्याचे नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजार एवढेच घेतले जातात, जेथे सीडीवर ते ४४,१०० असतात. ब्लूटूथच्या नव्या ‘एलई ऑडिओ’ पद्धतीत ही कुचंबणा उरत नाही, पण त्यासाठी संगणक आणि हेडफोन दोघांनाही ती यावी लागते. तोवरचा उपाय साधा आहे. आवाज आत घेण्याचे उपकरण म्हणून हेडफोनऐवजी संगणकाचा स्वतःचा किंवा वेगळा जोडलेला मायक्रोफोन निवडावा. मग हेडफोनांना संगीताची पद्धत सोडावीच लागत नाही.

प्रश्न: माझ्या संग्रहात जुन्या-नव्या मिळून काही हजार गाणी आहेत. एक गाणे इतके हळू वाजते की आवाज वाढवावा लागतो आणि लगेच पुढचे गाणे कानठळ्या बसवते. व्हीएलसी या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील आवाज समान करणारा पर्याय चालू केला, पण आता एकाच गाण्याच्या आत आवाज वरखाली होतो. सगळी गाणी एका पातळीवर आणण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि तो आपण निवडलेल्या मार्गापेक्षा चांगला आहे. आधी मूळ कारण पाहू. डिजिटल ध्वनिमुद्रणाला एक छत असते. आवाजाचा कोणताही झोत त्या छतापलीकडे जाऊ शकत नाही. सीडीच्या १६ बिटांत या छतापासून तळापर्यंतचे अंतर सुमारे ९६ डेसिबल असते (डेसिबल हे आवाजाच्या पातळीतील फरकाचे माप). १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, तेव्हा आणि त्यानंतर काही वर्षे या उंचीचा उपयोग गाण्यातील हळू आणि मोठ्या जागा वेगळ्या ठेवण्यासाठी होत असे: सर्वांत जोराचा ठोका छताला लागे, बाकीचे गाणे बरेच खाली असे. पुढे प्रत्येकाला आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा ठळक हवे झाले. छत वर नेता येत नाही. म्हणून जोराचे ठोके दाबून बाकी सर्व आवाज छताजवळ आणण्यात आला. या चढाओढीला ध्वनिमुद्रणाच्या जगात ‘लाउडनेस वॉर’ म्हणतात. आपल्या संग्रहातील जुने गाणे आणि नवे गाणे दोघेही छताला टेकलेले आहेत. फरक त्यांच्या सरासरीत आहे, आणि कान मोठेपणा ठरवतो तो मुख्यतः सरासरीवरून. जोराच्या झोतांची उंची समान करणारी साधने येथे निकामी ठरतात, ती यामुळेच.

कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची सर्वमान्य रीत यायला बराच काळ लागला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने तिच्या आधाराने आपली ‘आर १२८’ ही शिफारस काढून प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस ही पातळी ठरवून दिली. एलयूएफएस हे या मापाचे एकक आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवाही आता हीच रीत वापरतात, फक्त त्यांची पातळी अधिक वर असते. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ आहे. त्यामुळे अशा सेवेवर एका पातळीत वाजणारी गाणी आपल्या संग्रहातून वाजवताना विस्कळीत वाटतात, यात संगणकाचा दोष नाही.

आता आपल्या व्हीएलसीविषयी. त्याचा तो पर्याय गाणे वाजत असतानाच आवाज मोजतो आणि त्याच वेळी दुरुस्त करतो. पुढे काय येणार आहे हे त्याला ठाऊक नसते; हळुवार सुरुवात ऐकून तो आवाज वाढवत नेतो आणि संपूर्ण वाद्यमेळ सुरू झाला की घाईघाईने खाली ओढतो. रचनाकाराने जो चढ मुद्दाम ठेवला, तोच तो पुसून टाकतो. माझ्या मते संगीतासाठी हा पर्याय कधीही चालू ठेवू नये.

याउलट आधी मोजून मग वाजवणारी रीत अशी: एखादे सॉफ्टवेअर संग्रहातील प्रत्येक गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजते आणि ‘हे गाणे इतक्या डेसिबलने खाली वाजवावे’ अशी नोंद फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याचे नाव वगैरे माहिती असते त्या भागात, लिहून ठेवते. गाण्याला हात लागत नाही; वाजवणारे सॉफ्टवेअर ती नोंद वाचून सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज तेवढ्याच अंतराने कमी-अधिक ठेवते. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘रिप्लेगेन’ ही पद्धत याच विचाराची आहे आणि फूबार२००० सारखी वाजवणारी सॉफ्टवेअर मोजणे व वाचणे ही दोन्ही कामे करतात. ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘साउंड चेक’ या नावाने हेच काम होते. एखादे जुने उपकरण असे टॅग वाचत नसेल, तर एमपी३ फाइलींसाठी एमपी३गेन हे सॉफ्टवेअर वापरता येते. ते फाइलमधील आवाजाचा आकडाच बदलते, पण गाणे पुन्हा दाबून साठवत नसल्यामुळे दर्जा घटत नाही. त्याची पायरी १.५ डेसिबलची असते. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबलचा फरक लागतो, हे लक्षात घेतले तर ही पायरी पुरेशी बारीक आहे.

मोजताना ‘ट्रॅक’ आणि ‘अल्बम’ असे दोन पर्याय विचारले जातील. निरनिराळ्या अल्बममधली गाणी मिसळून ऐकत असाल, तर ट्रॅक निवडावा. एखादा अल्बम सलग ऐकायचा असेल, तर अल्बम निवडावा, नाहीतर त्यातील मुद्दाम हळू ठेवलेला तुकडा आजूबाजूच्या गाण्यांइतकाच मोठा होऊन बसतो. आणि एक सूचना: सगळी गाणी एका पातळीवर आल्यावर एकंदर आवाज आधीपेक्षा कमी वाटेल, कारण मोठी गाणी खाली आणली जातात. सॉफ्टवेअर बिघडले, असे समजू नये. स्पीकरचा नॉब थोडा वर न्यावा. त्यासाठी तर तो आहे.

प्रश्न: स्पीकरची पिन किंचित हलली की आवाज उतरतो, आणि कधी कधी तर वाद्ये ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाजच गायब होतो! हे कशामुळे होते?

उत्तर: आपले लक्षण इतके नेमके आहे की येथे सेटिंगच्या वाटेला जाण्याची गरजच नाही. ३.५ मिलिमीटरच्या पिनेचे टोक डाव्या वाहिनीचे असते, त्यामागचे कडे उजव्या वाहिनीचे असते आणि मागचा लांब भाग दोघींच्या परतीचा सामायिक मार्ग असतो. हा मागचा भाग सॉकेटला नीट टेकला नाही, की दोन्ही वाहिन्यांना परतीचा स्वतंत्र मार्ग उरत नाही आणि आपल्याला डाव्या-उजव्यातील केवळ फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत मध्यभागी, म्हणजे दोन्ही वाहिन्यांत सारखाच, ठेवलेला असतो. तो फरकात शून्य होतो. बाजूला ठेवलेली वाद्ये आणि गुंजन तेवढे मागे उरते.

पिन पूर्ण आत गेली आहे का, ते आधी पाहावे. जाड कव्हर असलेल्या लॅपटॉपमध्ये ती एखादा मिलिमीटर बाहेर राहते आणि तेवढे पुरते. संगणक बंद करून सॉकेटमधील धूळ हवेच्या फवाऱ्याने काढावी आणि पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसावी. सॉकेटमध्ये टाचणी किंवा तार घालू नये. आतल्या पत्र्याच्या जिभा वाकल्या, तर आजचा अधूनमधून होणारा त्रास उद्या कायमचा होईल. दुसरे हेडफोन त्याच सॉकेटला नीट चालत असतील, तर दोष स्पीकरच्या वायरीत आहे, आणि ती बहुधा पिनेच्या मानेशीच तुटलेली असते.

आवाजाचा नॉब फिरवताना खरखर होऊन एक बाजू येत-जात असेल, तर मात्र पिनेचा संबंध नाही. नॉबच्या आतला कार्बनचा पट्टा मळलेला किंवा झिजलेला आहे. स्पीकर बंद ठेवून नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवला तर मळ तात्पुरता हटतो. यूएसबीवरच चालणाऱ्या लहान स्पीकरांचे आणखी एक दुखणे असते: यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे सगळी मिळून अडीच वॅट वीज मिळते. जोरदार खर्जाला ती अपुरी पडली, की आवाज प्रत्येक ठोक्याला दबतो. स्पीकर हबमधून काढून थेट संगणकाला जोडावेत, आणि तरीही तसेच झाले तर आवाज थोडा कमी ठेवावा.

प्रश्न: लिनक्सवर गाणे हळू आवाजात लावलेले असते. मध्येच ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ सुरू केला की मुख्य व्हॉल्यूम थेट १०० वर जातो. हे थांबवता येईल का?

उत्तर: येईल. लिनक्सवरील पल्सऑडिओ या ध्वनिव्यवस्थेत ‘फ्लॅट व्हॉल्यूम्स’ नावाची रीत आहे. तिच्यात मुख्य पट्टी सर्वांत मोठ्या आवाजात वाजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पट्टीशी बांधलेली असते. व्हिडिओच्या पानाने आपला आवाज पूर्ण मागितला की मुख्य पट्टीही त्याच्याबरोबर वर जाते. अनेक लिनक्स वितरणांनी ही रीत आधीच बंद करून ठेवली आहे. आपल्याकडे ती चालू दिसते. पल्सऑडिओच्या डेमनच्या, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या भागाच्या, सेटिंगच्या फाइलमध्ये ‘फ्लॅट-व्हॉल्यूम्स’ या नावापुढे ‘नो’ लिहावे. त्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असेल तर तो काढावा, कारण तो असेपर्यंत ती ओळ वाचलीच जात नाही. फाइल जतन करून एकदा लॉग-आउट व्हावे आणि परत आत आल्यावर, व्हिडिओ लावण्याआधी, मुख्य पट्टी आपल्या नेहमीच्या पातळीवर आणून ठेवावी.